ऑटोमेशनच्या नोकरीची तयारी: सुरुवात स्क्रीनपासून नको, टर्मिनलपासून करा

रात्रपाळीत लाइन थांबली की शिफ्ट इन्चार्ज दोनच गोष्टी विचारतो. कशामुळे थांबली? आणि चालू व्हायला किती वेळ? ऑटोमेशनमध्ये नव्याने लागलेल्या माणसाची नोकरी म्हणजे बहुतांशी या दोन प्रश्नांची उत्तरं देणं. मशीनचा प्रोग्रॅम लिहितो मशीन बनवणारा. कारखान्यात तो तयार होऊनच येतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. बिघडतं ते बाकीचं. सेन्सर सरकतो, वायर तुटते, व्हॉल्व्ह अडकतो, हवेचा दाब पडतो.

क्लासमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून स्क्रीनवर लॅडर (शिडीसारख्या आकृतीत लिहिलेला मशीनचा प्रोग्रॅम) काढायला शिकवतात. तीन महिन्यांनी मुलाला टायमर-काउंटर येतात, पण समोरच्या सेन्सरच्या तीन वायरी कुठल्या टर्मिनलला, म्हणजे वायर जोडायच्या स्क्रूला, जोडायच्या ते येत नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. रोज दीड-दोन तास दिले तर साधारण सहा महिने लागतील. शाखा इलेक्ट्रिकल असो, इन्स्ट्रुमेंटेशन असो की मेकॅनिकल, डिप्लोमा असो की डिग्री, क्रम हाच.

१. कुठल्या बाजूला जायचं ते आधी ठरवा

कामाच्या तीन जागा आहेत. मोठ्या कारखान्यातलं मेंटेनन्स खातं, पॅनेल (मशीनच्या वायरिंगची पेटी) बनवणारे, आणि एसपीएम म्हणजे स्पेशल पर्पज मशीन बनवणारे किंवा सिस्टिम इंटिग्रेटर. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी इथे पहिल्या प्रकारची कामं जास्त, तर भोसरीच्या गल्ल्यांमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारची.

घरच्यांना मोठ्या कंपनीचं नाव, बस आणि कँटीन आवडतं, त्यात गैर काही नाही. पण शिकायचंच असेल तर पहिली दोन वर्षं छोट्या पॅनेलवाल्याकडे किंवा एसपीएमवाल्याकडे काढलेली बरी. तिथे रिकाम्या पत्र्याच्या पेटीपासून चालत्या मशीनपर्यंत सगळं हाताखालून जातं. मोठ्या कारखान्यात एकाच लाइनच्या चार मशीन तेवढ्या दिसतात.

२. सामान जमवा

सगळं नवं घ्यायची गरज नाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड इथे बहुतेक सगळं मिळतं.

- डिजिटल मल्टिमीटर, कॅट-३ ६०० व्होल्ट लिहिलेलं. दोनशे रुपयांचं पिवळं मीटर ४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये घालू नका.
- वायर स्ट्रिपर, फेरूल क्रिंपिंग टूल, ०.५ आणि १ चौरस मिलिमीटरच्या फेरूल (वायरच्या टोकावर दाबून बसवायच्या नळ्या), लहान-मोठे इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर
- २४ व्होल्ट डीसी एसएमपीएस (पॉवर सप्लाय), २.५ अँपिअर पुरे
- दोन पुश बटणं (एक एनओ म्हणजे दाबल्यावर जोडणारं, एक एनसी म्हणजे दाबल्यावर तोडणारं), एक इमर्जन्सी स्टॉप, दोन-तीन २४ व्होल्टचे दिवे
- बेससकट २४ व्होल्टचा रिले (कॉइलला वीज दिली की संपर्क जोडणारा स्विच)
- एम-१२ पीएनपी प्रॉक्सिमिटी सेन्सर (न टेकता समोरचा धातू ओळखणारा). जमलं तर एक एनपीएनही; दोन्हींतला फरक पुढे येतो
- डीआयएन रेल (सामान बसवायची पट्टी), टर्मिनल, थोडी वायर
- छोटा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमप्रमाणे मशीन चालवणारा कंट्रोलर. डेल्टा कंपनीचा सेकंडहँड डीव्हीपी चालेल; त्याचं सॉफ्टवेअर डब्ल्यूपीएलसॉफ्ट फुकट आहे

पीएलसी परवडत नसेल तर तो शेवटी घ्या. कोडेसिस आणि श्नायडरचं मशीन एक्स्पर्ट बेसिक ही प्रोग्रॅमिंगची सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि दोन्हींत सिम्युलेटर आहे. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलची ट्रायल २१ दिवस चालते, तेव्हा ती अगदी शेवटी उघडा. मित्राच्या पेन ड्राइव्हवरून क्रॅक केलेली कॉपी टाकू नका. त्यासोबत आलेला व्हायरस पुढे कारखान्याच्या लॅपटॉपवर गेला, तर नोकरी त्याच दिवशी संपते.

३. ड्रॉइंग वाचायला शिका

हे कौशल्य शिकायला सगळ्यात स्वस्त, आणि याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मशीनसोबत ४०-५० पानी इलेक्ट्रिकल ड्रॉइंग येतं. त्यात तीन गोष्टी शोधता आल्या की पुरे.

एक, वायर नंबर. ड्रॉइंगमधला नंबर आणि वायरच्या टोकावर चढवलेल्या छापील नळीचा (तिलाही फेरूलच म्हणतात) नंबर एकच असतो. दोन, क्रॉस रेफरन्स. एखाद्या कॉइलखाली १२.४ असं लिहिलं असेल तर त्या रिलेचा संपर्क पान १२, रकाना ४ वर आहे. तीन, टर्मिनलचे ठरलेले आकडे. कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल ए१-ए२, त्याचा जादा एनओ संपर्क १३-१४, ओव्हरलोड रिलेचा एनसी ९५-९६ आणि एनओ ९७-९८. हे आकडे बहुतेक सगळीकडे सारखेच, त्यामुळे पाठ करून टाका.

सरावासाठी डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) आणि स्टार-डेल्टा हे मोटरचे दोन स्टार्टर कागदावर हाताने काढा, बघून नव्हे. आपण काढलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाच समजलं, तर पुढे जा.

४. सेन्सर आणि २४ व्होल्ट

तीन वायरींच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरमध्ये तपकिरी म्हणजे +२४, निळी म्हणजे ० आणि काळी म्हणजे सिग्नल. समोर लोखंड आलं की पीएनपी सेन्सर काळ्या वायरीवर +२४ देतो, तर एनपीएन काळीला शून्याकडे ओढतो. मीटर लावून बघा. पीएनपीमध्ये काळी-निळी यांच्यात २४ व्होल्ट दिसतील, एनपीएनमध्ये तपकिरी-काळी यांच्यात.

नवीन माणूस हमखास इथे अडतो. सेन्सरचा दिवा लागतो, पण पीएलसीवरचा इनपुटचा दिवा लागत नाही. वायर तुटलेली नसते; पीएलसीचं इनपुट कार्ड एनपीएनसाठी जोडलेलं असतं आणि सेन्सर पीएनपी असतो. डेल्टा डीव्हीपीमध्ये हे पीएलसीवरच्या एस/एस नावाच्या टर्मिनलवरून ठरतं. पीएनपी सेन्सर असेल तर एस/एस शून्याला जोडा, एनपीएन असेल तर +२४ ला. सेन्सर बदलताना फक्त आकार बघून उचलला की हाच घोटाळा होतो. म्हणून अंगावरची पट्टी वाचा: पीएनपी की एनपीएन, एनओ की एनसी, किती मिलिमीटर.

मिलिमीटरवरून आठवलं. सेन्सरवर लिहिलेलं अंतर पोलादासाठी असतं. समोर ॲल्युमिनिअम असेल तर साधारण ४० टक्केच धरा. ४ मिलिमीटरचा सेन्सर ॲल्युमिनिअमच्या तुकड्याला दीड मिलिमीटरच्या आसपासच ओळखतो. लाइनवर तुकड्याचा धातू बदलला आणि ‘सेन्सर खराब झाला’ अशी तक्रार आली, तर आधी हे तपासा.

५. आता पीएलसी

पीएलसी आधी सगळे इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम वरून खाली चालवतो, मग आउटपुट बदलतो. काही मिलिसेकंदांत ही फेरी पूर्ण होते आणि पुन्हा सुरू होते. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मे गोंधळ संपतात.

पहिला सराव स्टार्ट-स्टॉप लॅचचा (बटण सोडलं तरी मोटर चालू राहते), आणि त्यातच मुलाखतीतला सगळ्यात आवडता प्रश्न दडलेला आहे. स्टॉप बटण नेहमी एनसी जोडतात, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते. मग लॅडरमध्ये स्टॉपचा संपर्क कुठला काढायचा? बहुतेक जण एनसी काढतात आणि मोटर सुरूच होत नाही. बटण दाबलेलं नसताना इनपुट १ असतो. एनसी संपर्क १ वर उघडतो आणि रंग (rung), म्हणजे लॅडरची ती आडवी ओळ, तुटते. म्हणून बाहेर एनसी, प्रोग्रॅममध्ये एनओ. हे फळ्यावर आकृती काढून सांगता आलं, तर समोरचा माणूस पुढचे दोन प्रश्न विचारत नाही.

पुढचे सराव: ५ सेकंदांनी सुरू होणारा दिवा, १० तुकड्यांनंतर थांबणारा कन्व्हेयर, हवेवर चालणाऱ्या दोन सिलिंडरचा पुढे-मागे क्रम. शेवटचा स्टेप नंबर ठेवून लिहा, म्हणजे डी० या रजिस्टरमध्ये (पीएलसीतली आकडा ठेवायची जागा) १०, २०, ३० अशी पायरी. कारखान्यातले बरेच प्रोग्रॅम असेच लिहिलेले असतात, आणि ‘मशीन कुठल्या स्टेपला अडकली’ हे एका आकड्यावरून कळतं.

दोन चुका टाळा. एकच आउटपुट दोन रंगांमध्ये लिहिलं तर शेवटची रंग जिंकते. वरची कितीही बरोबर असली तरी दिवा लागत नाही. दुसरी चूक म्हणजे टायमरचं एकक न बघणं. डेल्टामध्ये टी० के५० म्हणजे ५ सेकंद, कारण तो टायमर १०० मिलिसेकंदांचा आहे. सीमेन्समध्ये तेच सरळ ५ सेकंद असं लिहितात.

कुठला ब्रँड शिकायचा? कुठलाही एक, पण पूर्ण. आयईसी ६११३१-३ या मानकामुळे लॅडर सगळीकडे ओळखीचा वाटतो. तीन ब्रँडची नावं बायोडेटावर लिहून एकाचंही टर्मिनल न ओळखणारे उमेदवार रोज येतात.

एआयला लॅडर किंवा स्ट्रक्चर्ड टेक्स्ट लिहायला लावता येतं, आणि मॅन्युअलमधलं एखादं पान समजून घ्यायला ते चांगलंही आहे. मात्र तुमच्या पॅनेलमध्ये स्टॉप एनसी जोडलाय की एनओ, हे त्याला माहीत नसतं. त्याने दिलेलं सिम्युलेटरवर चालवा, चालत्या मशीनमध्ये टाकू नका. आणि कंपनीचा प्रोग्रॅम बाहेरच्या कुठल्याही साइटवर चिकटवू नका.

६. ॲनलॉग, ड्राइव्ह आणि कम्युनिकेशन

४ ते २० मिलिअँपिअर हा सिग्नल ० पासून सुरू होत नाही, याला कारण आहे. ४ म्हणजे ‘दाब शून्य’, ० म्हणजे ‘वायर तुटली’. ० ते १० बारच्या ट्रान्समीटरवर (दाब मोजून हा सिग्नल देणारं यंत्र) १२ मिलिअँपिअर दिसले तर दाब ५ बार. सीमेन्सच्या एस७-१२०० पीएलसीमध्ये तेच ० ते २७६४८ या आकड्यांत येतं, म्हणजे ५ बारला १३८२४. हा हिशेब तोंडी करता यायला हवा. मिलिअँपिअर मोजताना मीटर सीरीजमध्ये लावतात. मोजून झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या खोबणीत परत. ती तशीच राहिली आणि कोणी व्होल्टेज बघायला गेलं, तर शॉर्ट होतं. नशीब चांगलं असेल तर फक्त मीटरचा फ्यूज जातो.

व्हीएफडी ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग बदलणारा) मोटरच्या नेमप्लेटवरचे किलोवॉट, व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, आरपीएम भरता आले आणि कमांड कुठून येते (कीपॅड, टर्मिनल की कम्युनिकेशन) ते बदलता आलं की सुरुवातीला पुरे. बंद केलेल्या ड्राइव्हमध्ये लगेच हात घालू नका. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या आत डीसी बसवर ५८० व्होल्टच्या आसपास साठा असतो आणि तो उतरायला काही मिनिटं लागतात. किती, ते ड्राइव्हवरच्या इशाऱ्याच्या पट्टीवर छापलेलं असतं. मोटरला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावण्याआधी ड्राइव्हच्या वायरी सोडवा, नाहीतर मोटर चांगली निघेल आणि ड्राइव्ह जाईल.

मॉडबस आरटीयू (दोन वायरींवरून उपकरणांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) जोडताना चार गोष्टी जुळाव्या लागतात: स्लेव्ह नंबर, बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट. तरी चालत नसेल तर ए आणि बी वायरी उलटवून बघा. केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावलेत का तेही. आणि मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेला रजिस्टर काही ठिकाणी पत्ता ० म्हणून द्यावा लागतो. एका आकड्याच्या या फरकापायी अख्खा दिवस जातो.

इथरनेटसाठी एवढंच: पीएलसी १९२.१६८.०.१ वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.०.५० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, वायफाय बंद करा आणि आधी पिंग मारा. पिंग लागल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका.

७. थांबलेली मशीन शोधायची रीत

आत्तापर्यंतचं सगळं इथे एकत्र येतं. स्क्रीनवर अलार्म आहे: ‘क्लॅम्प फॉरवर्ड नॉट ओके’, म्हणजे तुकडा पकडणारा सिलिंडर पुढे गेल्याची खूण पीएलसीला मिळाली नाही. लॅपटॉप उघडायच्या आधी मशीनकडे बघा. सिलिंडर खरंच पुढे गेलाय का?

*गेला असेल तर* अडचण सिग्नलची आहे. सिलिंडरवरच्या रीड स्विचचा (सिलिंडरची जागा ओळखणारा सेन्सर) दिवा बघा. लागत नसेल तर स्विच सरकलाय. बारीक स्क्रू कंपनाने सैल होतो आणि दोन मिलिमीटर सरकणंही पुरतं. दिवा लागतोय, पण पीएलसीच्या इनपुटचा नाही? मग दोष मधल्या वायरीत, जंक्शन बॉक्समध्ये किंवा कनेक्टरमध्ये. कूलंट उडतो तिथे कनेक्टर आधी उघडून बघा. इनपुटचाही दिवा लागतोय, तर मग लॅपटॉप जोडा आणि तो बिट व स्टेप नंबर ऑनलाइन बघा.

*गेला नसेल तर* आउटपुटच्या बाजूने चला. पीएलसीचा आउटपुट दिवा नाही, म्हणजे प्रोग्रॅमला एखादी अट मिळत नाहीये: दार, दाब, दुसऱ्या सिलिंडरची जागा. दिवा आहे, तर रिले ओढला का, आणि व्हॉल्व्हच्या कॉइलवर २४ व्होल्ट पोचलेत का? पोचले असतील तर व्हॉल्व्हवरचं मॅन्युअल ओव्हरराइडचं बटण दाबा. सिलिंडर हलला तर कॉइल गेली. नाही हलला तर हवेचा प्रश्न, नाहीतर व्हॉल्व्ह अडकलेला. एफआरएलचा (येणारी हवा गाळून दाब ठरवणारा संच) गेज बघा. बहुतेक मशीन ५-६ बारवर चालतात. फ्लो कंट्रोल (सिलिंडरचा वेग ठरवणारा स्क्रू) कोणी फिरवून ठेवलाय का तेही.

प्रत्येक टप्प्यावर शिल्लक भाग निम्मा होतो. पाच-सात मिनिटांत ‘कॉइल गेली आहे, स्टोअरमध्ये असेल तर दहा मिनिटं’ असं सांगता येतं.

आता धोका. सेन्सर चालतोय का बघायला त्याच्यासमोर स्क्रू ड्रायव्हर धरायची सगळ्यांना सवय असते. मशीन ऑटोमध्ये असेल तर पीएलसीला वाटतं तुकडा आला, आणि तो पुढची पायरी घेतो. सिलिंडर येतो तो तुमच्या हातावर. आधी मॅन्युअल मोड, आत हात घालायचा तर वीज आणि हवा दोन्ही बंद, कुलूप लावून, आणि उरलेली हवा सोडून. मॅन्युअल ओव्हरराइड दाबण्याआधीही पलीकडे कोणी नाही ना ते बघून घ्या. सॉफ्टवेअरमधून आउटपुट फोर्स करायचा (प्रोग्रॅमला न जुमानता चालू करायचा) मोह पहिलं वर्षभर टाळा. दाराचा सेफ्टी स्विच बायपास करायला कोणी कितीही घाई केली तरी करू नका; लेखी मागा, मागणारा गप्प होतो.

रोबोट असेल तर टीच पेंडंट (रोबोट हाताने चालवायचा रिमोट) हातात असलेला माणूस एकटाच आत जातो. मॅन्युअलमध्ये वेग सेकंदाला २५० मिलिमीटरवर मर्यादित असतो, पण तेवढाही वेग बोट चेपायला पुरतो.

८. एक्सेल, कारण मॅनेजरला आकडा लागतो

ब्रेकडाउनची नोंद ठेवा: वेळ, मशीन, अलार्म, खरं कारण, बदललेला भाग, मिनिटं. पिव्होट टेबल काढता आलं की महिन्याअखेरीला कुठल्या मशीनने किती वेळ खाल्ला ते एका क्लिकमध्ये दिसतं.

ओईई, म्हणजे ठरलेल्या वेळेपैकी किती वेळ खरं चांगलं काम झालं याची टक्केवारी, मोजता यायला हवा. शिफ्ट ४८० मिनिटांची, सुट्टी ३०, म्हणजे ठरलेली ४५०. मशीन ४५ मिनिटं बंद. चालली ४०५, म्हणजे उपलब्धता ९० टक्के. सायकल टाइम ३० सेकंद, तर ८१० तुकडे व्हायला हवे होते, झाले ७२९. कामगिरी ९० टक्के. त्यातले ७०० चांगले, म्हणजे दर्जा ९६ टक्के. तिन्हींचा गुणाकार ७७.८ टक्के. पडताळा सोपा आहे: ७०० चांगल्या तुकड्यांना ३५० मिनिटं लागायला हवीत, आणि ४५० पैकी ३५० म्हणजे तेच ७७.८.

९. कागदपत्रं, अप्रेंटिसशिप, मुलाखत

फाइलमध्ये हे तयार ठेवा: सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदविका किंवा पदवी प्रमाणपत्र (आलं नसेल तर प्रोव्हिजनल), आधार, पॅन, बँक पासबुकचं पहिलं पान, फोटो, आणि आधी कुठे काम केलं असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर). आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळतंय का आत्ताच बघा. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, यावरून पीएफ अडकतो.

पदवी किंवा डिप्लोमा झाल्यावर नॅट्स पोर्टलवर नाव नोंदवा. केंद्र सरकारची ही अप्रेंटिसशिप साधारण वर्षभराची असते आणि नोंदणीला पैसे लागत नाहीत. २०१९ च्या नियमांनी किमान स्टायपेंड पदवीधराला महिना ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० ठरवला. बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात. करारावर सही करताना काम कुठल्या खात्यात ते विचारा. वर्षभर पॅकिंगला उभं केलं तर ऑटोमेशनचं प्रमाणपत्र हाती येऊन उपयोग नाही.

कंत्राटदारामार्फत जात असाल तर नेमणूकपत्र, पीएफ, ईएसआय आणि पगाराची चिठ्ठी कोण देणार ते आधी लिहून घ्या. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणत डिपॉझिट मागणारा दिसला की उठून या. ज्या कंपनीला माणूस हवाय, ती माणसाकडून पैसे घेत नाही.

बायोडेटा एक पान. ‘पीएलसी, स्काडा, एचएमआय यांचं ज्ञान’ या ओळीपेक्षा ‘डीव्हीपी पीएलसी, दोन सिलिंडर, स्टेप लॉजिक, पॅनेल स्वतः वायर केलं’ ही ओळ वजनदार आहे. त्या पॅनेलचे तीन फोटो फोनमध्ये ठेवा: बाहेरून, आतून, आणि ड्रॉइंगचा. मुलाखतीत ‘येत नाही, पण असं शोधीन’ हे उत्तर चालतं. ठोकून दिलेलं उत्तर पुढच्याच प्रश्नात उघडं पडतं.

१०. पहिला महिना

पहिल्या आठवड्यात तुमच्या लाइनची ड्रॉइंग शोधा. बहुतेक वेळा ती कपाटात नसतात, पॅनेलच्या दाराच्या खिशात तेलकट झालेली सापडतात. फोटो काढायची परवानगी असेल तर काढा, नसेल तर झेरॉक्स मागा. प्रत्येक मशीनची इनपुट-आउटपुट यादी वहीत उतरवा आणि मशीन चालू असताना दिवे बघत ती पडताळा.

प्रोग्रॅमला हात लावायची वेळ आलीच, तर आधी मशीनमधून अपलोड करून बॅकअप घ्या आणि त्याला तारीख घालून दोन ठिकाणी ठेवा. लॅपटॉपमधली जुनी फाइल थेट मशीनमध्ये डाउनलोड करू नका. मधल्या काळात कोणीतरी मशीनमध्येच बदललेले टायमर त्या एका क्लिकने पुसले जातात, आणि ते आकडे कुणीच कुठे लिहून ठेवलेले नसतात.